मातीचा धडा आणि मातीतला खड्डा

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात माती हा विषय कुठे ना कुठे असतोच. त्याची मांडणीही बहुधा ठरलेली असते. प्रथम मातीची व्याख्या, मग खडकाची झीज, मग थरांचे रंगीत चित्र, मातीचे प्रकार, धूप आणि शेवटी मृदासंधारणाचे उपाय. स्वाध्यायात गाळलेल्या जागा आणि 'कारणे द्या'. हा धडा शिकवायला सोपा, पाठ करायला त्याहून सोपा. परीक्षेत त्यावर कोणी नापास होत नाही. त्यामुळे त्याच्याकडे टीकेच्या नजरेने पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

पण हे पुस्तक हातात धरून शाळेच्या आवारात एक खड्डा खणला तर काय होईल? पुस्तकात जे लिहिले आहे ते त्या खड्ड्यात दिसेल का? आणि दिसले नाही तर मुलाने कोणावर विश्वास ठेवायचा, छापील पानावर की समोरच्या मातीवर? या लेखात मातीच्या धड्याची परीक्षा मी याच कसोटीवर करणार आहे.

चित्रातले थर

सर्वात आधी ते प्रसिद्ध चित्र. वर पालापाचोळा, त्याखाली काळसर थर, त्याखाली फिकट किंवा तांबूस थर, मग खडकाचे तुकडे आणि तळाशी अखंड खडक. मातीच्या उभ्या छेदाकडे असे थरांच्या दृष्टीने पाहायला रशियन शास्त्रज्ञ वासिली दोकुचायेव याने शिकवले. त्याचा रशियातील काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ साली प्रसिद्ध झाला आणि अ, ब, क अशा थरांची भाषा तिथून जगभर पसरली. माती म्हणजे खडकाचा नुसता चुरा नव्हे. खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ या सर्वांनी मिळून घडवलेली ती स्वतंत्र वस्तू आहे, हा त्यामागचा विचार आजही पक्का आहे. चित्रात चूक नाही. ते सर्वत्र लागू पडते असे गृहीत धरणे ही चूक आहे.

विदर्भ, मराठवाडा किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या नदीखोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत खड्डा खणून पाहा. एक हात खाली जा, दोन हात खाली जा, रंग जवळजवळ तोच राहतो. काळसर वरचा थर आणि फिकट खालचा थर अशी रेघ सापडत नाही. मग मध्येच पांढुरके चुनखडीचे खडे लागतात, पुढे मुरूम आणि मग खडक. असे का होते?

ही माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून हा खडक तयार झाला आणि आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. त्याच्या झिजेतून जी चिकणमाती तयार होते तिच्या कणांची रचना पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात म्हणूनच काळ्या रानाला भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांमध्ये घरंगळते. पावसाळ्यात खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, आणि मातीचे मोठे ढेकूळ एकमेकांवर घासत तिरपे वर सरकतात. थोडे खोल खणले तर या घासण्याने गुळगुळीत झालेले चकचकीत पृष्ठभाग दिसतात. वर्षानुवर्षे वरची माती खाली आणि खालची वर असा हा घोळ चालू राहतो. जी जमीन स्वतःच स्वतःला ढवळते तिच्यात रेखीव थर टिकतील कसे?

म्हणजे महाराष्ट्रातील लाखो मुलांच्या पायाखालची माती पुस्तकातील चित्राला सरळ सरळ खोडून काढते. एका खेड्यातील शाळेत याचा परिणाम मी पाहिला आहे. मुलांनी उत्साहाने खड्डा खणला होता. काठावर बसून ती वहीत आकृती काढत होती. खड्डा तळापर्यंत एकाच रंगाचा होता. वहीत मात्र तीन रंगांचे तीन थर होते, नावांसह. कोणीही त्यांना तसे काढायला सांगितले नव्हते. डोळ्यांपेक्षा पुस्तक खरे, हे ती आपोआप शिकली होती. विज्ञान शिकवताना याहून मोठे नुकसान कोणते असू शकते?

रंगाचेही तसेच आहे. 'ज्या मातीत कुजलेले सेंद्रिय द्रव्य जास्त ती काळी' असे वाक्य आपण सहज सांगून जातो. बागेतल्या वाफ्यात ते बऱ्याच अंशी खरे ठरते. परंतु आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहून कमी असतो. तिचा काळेपणा मुख्यतः तिच्यातील गडद खनिजांमुळे आणि सेंद्रिय द्रव्याचा थोडासा अंश चिकणमातीला घट्ट चिकटून बसल्यामुळे येतो. कोकणातल्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. तो खणू लागला की तांबडी माती आणि लगेच जांभा. मुसळधार पावसाने बाकीचे बरेच विरघळून वाहून गेले आणि लोहाची व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, म्हणून तो तांबडा. चिऱ्याचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होतो, हे त्या मुलाच्या घरी सर्वांना ठाऊक असते. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ साली या दगडाला इंग्रजी नाव दिले तेही केरळात त्याच्या विटा कापताना पाहून, आणि विटेच्या लॅटिन शब्दावरूनच. धड्यात मात्र जांभ्याच्या वाट्याला बहुधा एखादी ओळच येते.

हजार वर्षे की पाच वर्षे?

अनेक पुस्तकांत आढळणारे दुसरे वाक्य असे: अडीच सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर तयार होण्यास सुमारे हजार वर्षे लागतात. माती जपून वापरा हे सांगण्यासाठी हे वाक्य उपयोगी आहे. पण ते आदेशासारखे येते. ही वर्षे कोणी मोजली, कशी मोजली, ती सगळीकडे सारखीच असतात का, हे प्रश्न मुलाच्या मनात येण्यापूर्वीच धडा पुढे सरकतो.

आता याच्याशेजारी चार्ल्स डार्विनचे शेवटचे पुस्तक ठेवून पाहा. ते १८८१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा विषय आहे गांडुळे. डार्विनने २० डिसेंबर १८४२ रोजी आपल्या घराजवळच्या एका कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरून टाकले. नंतर तो थांबला. १८७१ च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणला तेव्हा चराच्या दोन्ही बाजूंना पृष्ठभागापासून ७ इंच खोल पांढऱ्या खड्यांची एक ओळ दिसली. गांडुळांनी खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकली आणि खडू हळूहळू गाडला गेला. गवताच्या मुळांचा वरचा पट्टा वगळून डार्विनने सरासरी काढली ती वर्षाला ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. या हिशेबाने अडीच सेंटिमीटर माती पाच वर्षांच्या आतच जमा होते!

एकीकडे हजार वर्षे, दुसरीकडे पाच वर्षेही नाहीत. दोनशेपटींहून अधिक फरक. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. पहिला आकडा खडकापासून नवी माती घडण्याचा आहे, दुसरा असलेल्याच मातीची उलथापालथ होण्याचा. गांडूळ खडकाची माती करीत नाही म्हटले तरी चालेल. ते मातीला खालून वर आणते, तिच्यात पालापाचोळा मिसळते, तिला सच्छिद्र करते. 'माती तयार होणे' या एकाच शब्दप्रयोगाखाली आपण दोन वेगळ्या क्रिया दडपून टाकतो. हा फरक सातवीच्या मुलाला समजणार नाही असे मला वाटत नाही. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून 'असे कसे?' एवढेच विचारले, तर तासाभराची उत्तम चर्चा होईल. एकच आकडा दिला की चर्चेला जागाच उरत नाही.

या पुस्तकातून शिक्षकाने घेण्यासारखे आणखी बरेच आहे. डार्विनने गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांच्यापुढे शिट्टी वाजवली, पियानो वाजवला. त्यांनी दाद दिली नाही. मग त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि सूर वाजवला. गांडुळे झटकन बिळात शिरली. हवेतला आवाज त्यांना जाणवत नाही, कंप जाणवतो. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो प्रश्न, आणि एक उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न थोडा बदलून पुन्हा विचारण्याची चिकाटी.

ग्लासातली माती

येथे कोणी म्हणेल की आता पुस्तके बदलली आहेत, त्यांत कृती असतात. हे खरे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या २००७ सालच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मातीवर स्वतंत्र धडा होता. ग्लासात माती ढवळून थर बसू देणे, मातीतून पाणी किती वेगाने झिरपते ते मोजणे, परीक्षानळीत माती तापवून तिच्यातला ओलावा पाहणे अशा चांगल्या कृती त्यात होत्या. हा धडा जुन्या वर्णनपर धड्यांपेक्षा नक्कीच सरस होता. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचे ओझे कमी करताना तो वगळण्यात आला. प्रत्यक्ष करून पाहण्याचा आणि खर्च जवळजवळ शून्य असलेला धडा ओझे ठरावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

तरीही त्या चांगल्या धड्याबद्दल एक तक्रार आहेच. त्यातील बहुतेक कृतींमध्ये माती जमिनीतून उचलून ग्लासात, नरसाळ्यात किंवा परीक्षानळीत येते. ती जिथे होती त्या जागेपासून तुटते. खालीवर काय होते, मुळे कुठवर गेली होती, मुंग्यांची वाट कोणत्या बाजूने होती, झाडाच्या सावलीत आणि मैदानाच्या मध्यावर काय फरक होता, हे ग्लासात उरत नाही. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या आणि २००२ साली शासनाने बंद केलेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलांना वर्गाबाहेर नेणे हा शिकवण्याचाच भाग मानला होता. तो धागा नंतरच्या पुस्तकांत क्षीण झाला.

ग्लास वाईट नाही, पण तो खड्ड्यानंतर यावा. मग तो बरेच काही सांगतो. मातीचे कण पाण्यात ज्या वेगाने खाली बसतात तो वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०५ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर खाली जायला पाऊण मिनिटाच्या आसपास घेतो. त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा, ०.००२ मिलिमीटरचा कण सव्वासहाशेपट अधिक वेळ घेतो, म्हणजे सुमारे आठ तास. सकाळी प्रार्थनेनंतर बाटली हलवून ठेवली तर शाळा सुटतानाही पाणी गढूळ का असते, याचे उत्तर या गुणाकारात आहे. आणि आपल्याकडच्या नद्या ऑगस्टमध्ये गढूळच का राहतात, याचेही.

काळी, पांढरी, चोपण, वाफसा

धड्यातील सर्वात मोठी उणीव मला भाषेची वाटते. वालुकामय, दुमट आणि चिकण हे तीन शब्द पाठ झाले की मातीचे प्रकार संपतात. ज्या मुलांच्या घरी शेती आहे त्यांच्या कानावर मात्र भारी, हलकी, मध्यम, मुरमाड, बरड, पोयटा, चोपण असे कितीतरी शब्द रोज पडत असतात. यातील प्रत्येक शब्दामागे निरीक्षण आहे. चोपण जमीन ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी. पाणी तिच्यात मुरत नाही. कारण तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढून मातीचे कण सुटे होतात आणि छिद्रे बुजवून टाकतात. पाटाच्या पाण्याचा निचरा न होणाऱ्या पट्ट्यांत अशा जमिनी मुलांना डोळ्यांनी पाहता येतात.

'वाफसा' हा शब्द तर कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकाने अभिमानाने घ्यावा असा आहे. पाऊस पडून गेल्यावर मोठ्या छिद्रांतले पाणी निथळून जाते, तिथे हवा शिरते, आणि बारीक छिद्रांत पाणी टिकून राहते. पेरणीला आणि मशागतीला योग्य अशी ही स्थिती. शेतकरी मूठभर माती दाबून, सोडून, बोटाने फोडून ती ओळखतो. गोळा होतो पण बोट लावताच फुटतो, की वाफसा आला. ही कसोटी मुलांनी पाऊस पडल्यापासून रोज करावी आणि वाफसा किती दिवसांनी आला ते लिहावे. झाडाखाली, मैदानात, उतारावर हे दिवस वेगवेगळे येतील. का, हे त्यांनाच शोधू द्यावे.

आणि 'पांढरी'. आपल्याकडे गावाची शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडे यांनी वस्तीची माती फिकट झाली. अशाच पांढरीच्या टेकाडांखाली पुरातत्त्वज्ञांना जुन्या वसाहती सापडल्या. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची घरे, धान्य, दफने उजेडात आणली. शाळेच्या आवारातील खड्ड्यात कौलाचा तुकडा, कोळसा, बांगडीची काच, प्लॅस्टिकची पिशवी मिळते तेव्हा तो कचरा म्हणून फेकू नये. कोणती वस्तू वर, कोणती खाली, हे लिहून ठेवावे. खालचे आधीचे आणि वरचे नंतरचे, हे भूशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे पहिले सूत्र मुलांना तिथेच सापडते. आणि काळ्या भेगाळ रानात हे सूत्र फसू शकते, कारण भेगेतून आजची वस्तूही खाली जाते, हेही.

मातीचे गुणगान

एका दुसऱ्या टोकाबद्दलही लिहायला हवे. मुलांनी मातीत खेळावे, त्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते, मन प्रसन्न राहते, अशी विधाने हल्ली वारंवार वाचनात येतात. त्यांमागे काही संशोधन आहे, पण विधाने संशोधनाच्या बरीच पुढे धावतात. फिनलंडमध्ये दहा पाळणाघरांतील ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांवर एक अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील जमिनीचा वरचा थर आणि गवत आणून पसरले. २८ दिवसांत तेथील मुलांच्या त्वचेवरील जीवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारसंस्थेच्या नियमनाशी संबंधित काही घटकांचे रक्तातील प्रमाण बदलले. अभ्यास महत्त्वाचा आहे. पण मुले कमी आजारी पडली असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय फिनलंडच्या जंगलातली माती आणि आपल्या गावातली, जिच्यावर कुत्री फिरतात, कधी माणसेही शौचाला बसतात, ती माती एक नव्हे. अंकुशकृमीच्या अळ्या अशाच मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. माती टॉनिक नाही आणि विषही नाही. तिच्याकडे मुलांना नेण्याचे कारण औषधी नसावे. तिथे प्रश्न सापडतात, हे पुरेसे कारण आहे.

म्हणून काळजी घ्यावीच. जागा स्वच्छ निवडावी, पायात चप्पल-बूट असावेत, काचा आधी वेचाव्यात, दगड उलटताना हात न घालता काठी वापरावी, कारण खाली विंचू असू शकतो. धनुर्वाताची लस झालेली असावी. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. एवढे केले की 'मुले मळतील' याखेरीज आक्षेप उरत नाही, आणि तो आक्षेप साबणाने निघून जातो.

मग करायचे काय?

वेळ नाही ही शिक्षकांची अडचण मला मान्य आहे. म्हणून मागणी छोटीच ठेवतो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा एकच खड्डा, वर्षातून तीनदा: जूनच्या पहिल्या पावसानंतर, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये. निघालेली माती चार-चार बोटांच्या थरांनी वेगवेगळ्या वर्तमानपत्रांवर ठेवावी. रंग, ओलावा, मुळे, जीव, वस्तू लिहाव्यात. दुपारी पृष्ठभागावरचे आणि तळाचे तापमान मोजावे. मार्चमध्ये हा फरक पाहून मुले थक्क होतील, आणि गांडुळे उन्हाळ्यात कुठे जातात याचा पहिला धागा त्यांना मिळेल. चुनखडीचा खडा कुटून त्यावर लिंबू पिळावे आणि बुडबुडे पाहावेत. भेगा पडल्या असतील तर त्यांत तार सोडून खोली मोजावी. जास्त खोल पाहायचे असेल तर खणण्याची गरज नाही. ओढ्याची दरड, नवी विहीर, इमारतीचा पाया किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी सुरक्षित अंतरावरून दाखवावी.

एकच अट. आकृती आधी खड्ड्याची काढायची, पुस्तक नंतर उघडायचे. दोन्ही जुळली नाहीत तर खोडरबर वापरायचे नाही. दोन्ही शेजारी ठेवून फरक का पडला यावर वाक्ये लिहायची. परीक्षेत त्यावर दोन गुण ठेवता आले तर उत्तमच.

आणि जमले तर शाळेने डार्विनचा प्रयोग आपल्या मातीत मांडावा. आवाराच्या एका कोपऱ्यात, जिथे कोणी खणणार नाही, तिथे पांढऱ्या फरशीचे तुकडे एका ओळीत पसरावेत आणि तारीख शाळेच्या दप्तरात लिहून ठेवावी. ज्या मुलांनी ते पाचवीत मांडले तीच दहावीत त्याच्या कडेने चर खणतील. गांडुळे असतील तर तुकडे खाली गेलेले दिसतील. काळ्या जमिनीत कदाचित एखादा भेगेत गडप झालेला असेल, एखादा फुगणाऱ्या मातीने वर ठेवलेला असेल. पाच वर्षांची ती नोंद कोणत्याही पुस्तकात आधीपासून छापलेली नसेल.